व्हॅनची लाल किल्ली

४ मार्च, सोमवार

निवृत्त झाल्यापासून ही वही कोरीच होती. लिहिण्यासारखं घडत काहीच नव्हतं. परवा घडलं. धाकटी आणि तिचा नवरा एक जुनी व्हॅन घेऊन दारात उतरले आणि "महिनाभर राहू" म्हणाले. माणसं घरात आली, व्हॅन अंगणात आली, आणि माझी खुर्ची अंगणातून ओट्यावर गेली.

ही व्हॅन पूर्वी बर्फ वाहायची. आता चष्मे वाहणार. धाकटी डोळे तपासते, पण आजवर दुसऱ्याच्या दुकानात. आता गावोगाव हिंडायचं, व्हॅनमध्येच डोळे तपासायचे, तिथेच काच घासायची आणि तिथल्या तिथे चष्मा नाकावर चढवायचा, असा बेत आहे. त्यासाठी आत अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा हवा, पंखा हवा, टेबलावर दिवे हवेत आणि काच घासायचं मशीन हवं. हे सगळं त्या बर्फाच्या म्हातारीच्या विजेवर.

चार एप्रिलला लांबच्या एका सूतगिरणीत कामगारांचे डोळे तपासायचं पहिलं काम ठरलंय. ते साधलं तर त्याच मालकाच्या बाकीच्या गिरण्याही मिळतील.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं.

"तर पुन्हा दुसऱ्याच्या दुकानात," ती म्हणाली. "आणि मी जाणार नाही, बाबा."

वायरिंग जावईबापू स्वतः करणार आहेत. आजवर ते बुटांच्या दुकानात होते. मी नोकरीभर लिफ्ट तपासल्या. 'ठीक आहे' असा शेरा माझ्या हातून क्वचितच गेला. 'पुन्हा तपासणी करावी' हा माझा शेरा. माझ्या हद्दीत एकही लिफ्ट कधी पडली नाही. बऱ्याच चालल्याही नाहीत, असं बायको म्हणते.

तिने आज पुन्हा सांगितलं की दारची बेल वाजत नाही. बघू.

६ मार्च, बुधवार

जावईबापूंचं काम पाहिलं. जावई हा दहावा ग्रह, त्यामुळे तोंडाने 'अहो', 'बापू', 'तुम्ही' म्हणावं लागतं. जिभेच्या टोकावर आलेला 'गाढवा' हा शब्द बाहेर पडेपर्यंत 'वा, छान' होतो. फार कष्टाचं काम आहे.

यांनी काय केलंय, तर पुढच्या हेडलाइटच्या वायरला मध्येच सोललंय आणि पंखा, तक्त्याचा दिवा, टेबलाचे दिवे, सगळं त्या एका वायरवर लटकवलंय. सांध्यांवर काळी टेप. इतकी टेप, की मी मनातल्या मनात त्यांना टेपबहाद्दर म्हणू लागलोय. सगळं एकदम लावलं की फ्यूज उडत होता. मग बहाद्दरांनी काय केलं? दहाचा फ्यूज काढून तीसचा घातला.

"आता उडत नाही, बाबा," ते खुशीत म्हणाले.

मी समजावलं की फ्यूज पंख्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर झेपत नाही म्हणून बिचारा फ्यूज आधी मरतो. त्याच्या जागी मरायला तयार नसलेला बसवला, तर मरणार वायर. त्यांनी मान डोलावली. बूट घट्ट होतोय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे माणूस जशी डोलावेल तशी.

"वा, छान," मी म्हणालो.

९ मार्च, शनिवार

आज व्हॅन जळता जळता राहिली.

दुपारी मी ओट्यावर होतो. धाकटी व्हॅनमध्ये टेबलाची मापं घेत होती, पंखा आणि दिवे चालू. बहाद्दर स्क्रू आणायला गेले होते. प्लास्टिक जळाल्याचा वास आला. मी हाक मारली तर ती आतून म्हणाली, "मलाही येतोय, शेजारी काहीतरी जाळतायत." शेजारी कोणी काही जाळत नव्हतं. मी पाना घेऊन धावलो, बॅटरीची काळी वायर सोडवली आणि तिला हाताला धरून बाहेर ओढलं. मागचा पत्रा काढला तर आतली वायर कातडी सोलल्यासारखी उघडी पडली होती आणि शेजारच्या लाकडी पट्टीवर काळा डाग उमटला होता. वायर पत्र्याच्या भोकातून नुसतीच ओढलेली, कडेला रबरी कडंही नाही. फ्यूज मात्र ठणठणीत.

मी घाबरलो होतो. हे इथे लिहायला हरकत नाही.

बहाद्दर आले, वायर हातात घेऊन बघत राहिले, आणि मग खाली बसले. मी मनात तयार ठेवलेलं सगळं बोलणार होतो. पण माणूस इतका पांढरा पडलेला की त्याला बोलून मजा आली नसती. नंतर एवढंच म्हणालो, "उद्यापासून मी सांगेन तसं." ते म्हणाले, "हो बाबा."

बायको म्हणाली, "आता तुम्हाला काम मिळालं." तिच्या बोलण्याचा रोख नेहमीच कळतो असं नाही.

१३ मार्च, बुधवार

सगळं उपटलं. कोऱ्या पाटीपासून सुरुवात.

सीटखाली दुसरी बॅटरी, फक्त चष्म्याच्या कामासाठी. दोन बॅटऱ्यांमध्ये रिले, म्हणजे इंजिन चालू असेल तेव्हाच मागची भरेल, आणि मागचीने उधळपट्टी केली तरी पुढची गाडी सुरू करायला शिल्लक राहील. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत मोठा फ्यूज. काच घासायच्या मशीनच्या इन्व्हर्टरला अंगठ्याएवढी जाड वायर. पंख्याला वेगळा फ्यूज, तक्त्याला वेगळा, टेबलाला वेगळा. प्रत्येक भोकाला रबरी कडं.

अर्थिंगचा बोल्ट बर्फाच्या पाण्याने असा गंजलेला, की त्यातून वीज जायची म्हणजे तिने परवानगी काढायला हवी. बहाद्दरांना तो पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायला लावला. घासला. मी पुन्हा घासायला लावला.

शेवटी मुख्य स्विच. लाल किल्लीचा. किल्ली काढली की गाडीत कुठेच वीज नाही, गाडी सुरूही होत नाही. त्याचं माहितीपत्रक मी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवलं. आजकाल कोणी माहितीपत्रक वाचत नाही. बारीक टाइप होता, पण मी सोडलं नाही. जिथे अक्षर लागेना तिथे अनुभवाने वाचलं. रिकामी पाकिटं, पुठ्ठे धाकटीने आवरले.

मग लिफ्टचा कायदा सांगितला. किल्ली ज्याने काढली, त्यानेच लावायची. मालक येवो, साहेब येवो, घाईत असलेली गरोदर बाई येवो, दुसऱ्याने हात लावायचा नाही. किल्ली जागेवर नाही याचा अर्थ आत कोणाचा तरी हात आहे. आमच्या एका मिस्त्रीची दोन बोटं अशाच एका उपकारी माणसाने घालवली होती. त्याला वाटलं, लिफ्ट बंद आहे, चालू करून देऊ.

"ज्याने काढली, त्यानेच लावायची," बहाद्दरांनी पाठ केल्यासारखं म्हटलं.

आजपासून रोज संध्याकाळी मी किल्ली काढून खिशात ठेवणार.

१८ मार्च, सोमवार

बहाद्दर सुधारत चालले आहेत, हे पटण्यासारखं नाही पण खरं आहे. टेप सोडली. टोकाला लग, म्हणजे तांब्याचं टोपण, दाबून बसवतात, मग वायर ओढून बघतात, मग माझ्याकडे बघतात. प्रत्येक वायरला चिठ्ठी लावली आहे. मी पाच मिनिटं एक तरी चूक शोधत होतो. शेवटी एक चिठ्ठी उलटी लावलेली सापडली, तेव्हा बरं वाटलं.

दुपारी त्यांनी विचारलं, "बाबा, तुम्ही नसताना फ्यूज उडाला तर आधी काय बघायचं?"

"मला फोन करायचा," मी म्हणालो.

"आणि फोन लागला नाही तर?"

प्रश्न उद्धट नव्हता. तरी मला राग आला. उत्तर उद्या देतो म्हणालो.

जेवताना चौघं होतो. कित्येक वर्षांनी टेबलाच्या चारही बाजू भरल्या. थोरली मुलगी 'दोन वर्षांसाठी' म्हणून परदेशी गेली तेव्हापासून एक बाजू भिंतीला लावलेली होती. थोरली दर रविवारी फोन करते, आवाज तुटत येतो. बायको आज खूप हसली. कशावर ते विसरलो, बहुधा माझ्यावर.

२१ मार्च, गुरुवार

काम झालं, असं बहाद्दरांचं म्हणणं. मी बघितलं. वायरी पत्र्याला ज्या क्लिपांनी धरल्या आहेत, त्या वीत-वीत अंतरावर आहेत. चार-चार बोटांवर हव्यात. खडबडीत रस्त्यावर वायर हलते, घासते, आणि पुढचं सर्वांनी पाहिलंच आहे. सगळ्या क्लिपा काढून पुन्हा लावायला सांगितल्या.

"वीतभर चालतं असं परवा तुम्हीच म्हणाला होतात," धाकटी म्हणाली.

"परवा मला रस्ता माहीत नव्हता."

"आज कुठे माहीत आहे?"

ती लहानपणीही अशीच उलट बोलायची.

बहाद्दर निमूटपणे क्लिपा काढायला बसले. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "तुम्ही लिफ्ट बंद पाडायचात तेव्हा लोक निदान जिन्याने तरी जायचे."

तिला विजेतलं काही कळत नाही. बेलचं मात्र पुन्हा काढलं.

२४ मार्च, रविवार

मशीनची चाचणी. गिऱ्हाईक म्हणून मलाच बसवलं. तक्त्यामागचा दिवा लागला, धाकटीने माझ्या नाकावर ती लोखंडी चौकट ठेवली आणि एकेक भिंग बदलत विचारू लागली, "आता? की आता?" तिचा आवाज वेगळाच होता. परक्या माणसाशी बोलावं तितका धीराचा. खालच्या ओळी मला दिसत नव्हत्या. मी अंदाजाने म्हटल्या.

"बाबा, वाचा. ओळखू नका," ती म्हणाली.

माझा नंबर बराच वाढलाय म्हणे. इतके दिवस मी बारीक अक्षर वाचतच नव्हतो म्हणे. मी म्हटलं, तुझा तक्ता मळका असेल. नाचता येईना अंगण वाकडं, असं बायकोने दारातून ऐकवलं.

मग काच घासली. इन्व्हर्टर, मशीन, पंखा, सगळे दिवे, सगळं एकदम. बहाद्दर आणि मी प्रत्येक सांध्याला बोट लावत फिरलो. लग थंड, फ्यूज थंड, जाड वायर थंड, अर्थिंगचा बोल्ट थंड. मीटरचा काटा जिथे असायला हवा तिथेच. मी दुसरी फेरी मारली. तिसरी मारली. तेव्हा बहाद्दर थांबले होते, मी एकटाच फिरत होतो.

चष्मा छान झालाय. घातला नाही. जुन्याची सवय आहे.

२७ मार्च, बुधवार

शेरा द्यायचा दिवस. मी दिला, 'पुन्हा तपासणी करावी.'

कारण सांगितलं. हा रिले चालेल, पण याहून मोठा मिळतो. दुकानदार म्हणाला दहा एप्रिलपर्यंत येईल.

"गिरणी चारला आहे, बाबा," धाकटी म्हणाली.

"गिरणी पळून जात नाही."

"जाते. त्यांच्याकडे दुसरा माणूस तयार आहे."

मग बहाद्दर बोलले. आजवर एका अक्षराने उलटले नव्हते. "बाबा, काही चुकलं असेल तर सांगा, मी सगळं काढून पुन्हा करतो. चुकलं नसेल तर तेही सांगा."

मोठा रिले केव्हाही बराच, हे मी पुन्हा सांगितलं. बरा म्हणजे हा वाईट असं नव्हे, असंही निसटून गेलं. धाकटी उठून आत गेली. बायको माझं ताट उचलत म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही." सुंभ कोण ते विचारलं नाही.

दोन एप्रिलला सकाळी निघायचं असं त्यांनी ठरवलं. मला विचारलं नाही. सांगितलं.

२ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

पहाटे जाग आली. व्हॅन भरलेली होती. वाटेत लागतील म्हणून आणखी काही फ्यूज घेऊन यावेत असं मनात आलं. त्यांच्याकडे डबाभर आहेत, पण असलेले बरे. कोणी उठलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही, फोनही उशाशीच राहिला. दुकान बंद होतं. बाकावर बसलो. उघडायला वेळ होता, म्हणून चौकापलीकडच्या जुन्या इमारतीत गेलो. तिथली लिफ्ट मी बरेचदा नापास केली होती. आता चालते. वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. खाली परतलो तेव्हा एक बाई दाराशी थांबली होती. तिने विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय?" मला सांगता येईना.

मग फ्यूज घेतले आणि परतलो. ऊन डोक्यावर आलं होतं.

तिघं ओट्यावर बसलेली होती. कोणी रागावलेलं दिसेना, आणि तेच वाईट होतं. खिशात हात घातला तेव्हा किल्ली हाताला लागली. विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

"निघालात का म्हणून गिरणीतून दोनदा फोन आला," धाकटी म्हणाली. "उद्या रात्रीपर्यंत पोचलो नाही तर दुसऱ्या माणसाला बोलावणार आहेत."

मी बहाद्दरांवर घसरलो. माझी चूक असली की मी कोणावर तरी घसरतोच. "अहो, इतके दिवस काय शिकलात? स्विचच्या दोन बोल्टांवर पाना टेकवला असता तरी गाडी सुरू झाली असती."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"मग?"

"ज्याने काढली, त्यानेच लावायची."

"पण आत कोणाचा हात नव्हता ना."

"आम्हाला काय माहीत, बाबा," ते म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले. "तुम्ही घरात नव्हता. किल्ली तुम्ही काढलेली. तुमचं काहीतरी राहिलं असेल असं वाटलं."

बायको माझ्याकडे बघत होती. मी व्हॅनकडे बघू लागलो.

मग धाकटीने पर्स उघडली आणि हात पुढे केला. तळहातावर लाल किल्ली. माझ्या खिशातल्या किल्लीसारखीच, फक्त नवी कोरी.

"पाकिटात दोन येतात," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. त्या कागदावर लिहिलेलं होतं."

"मग लावली का नाहीस?"

"तुम्ही लावाल म्हणून थांबलो."

मी व्हॅनच्या पायरीवर चढलो, वाकलो, किल्ली घातली आणि फिरवली. टक्. तक्त्यामागचा दिवा लागला, पंखा फिरला. बहाद्दरांनी गाडी सुरू केली, पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी रिलेला बोट लावून बघितलं. थंड होता. या रिलेत कधीच काही कमी नव्हतं, आणि हे मला सत्तावीस तारखेला माहीत होतं.

"जावईबापू," मी म्हणालो, "काम ठीक आहे."

ते खाली उतरून पाया पडायला वाकले. मी म्हटलं, गाडी चालू ठेवून कोणी उतरतं का. मग त्यांनी आधी गाडी बंद केली आणि मग वाकले. माणूस शिकतो.

धाकटीने आपली किल्ली माझ्या खिशात टाकली. "एक इथे असू द्या," म्हणाली. वळणावर गाडीने हॉर्न दिला. तो जुनाच आहे, त्याला आम्ही हात लावला नव्हता.

बायको रडली. मी आत जाऊन नवा चष्मा घातला आणि ते माहितीपत्रक शोधून काढलं. तिसऱ्या ओळीत आहे, 'दोन किल्ल्यांसह'.

५ एप्रिल, शुक्रवार

ते वेळेत पोचले. काल दिवसभर गिरणीत डोळे तपासले, आजही तिथेच. दुपारी तक्त्याचा फ्यूज उडाला होता. बहाद्दरांनी दिव्याची सैल झालेली वायर शोधली, घट्ट केली, आणि होता तेवढ्याच नंबरचा फ्यूज बसवला. हे सगळं धाकटीने रात्री सांगितलं, काम झाल्यावर.

"मला फोन का नाही केला?" मी विचारलं.

"गरज पडली नाही, बाबा," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "पुढच्या वेळी करू."

तिला वाटलं मला वाईट वाटलं. वाटलं होतंच.

८ एप्रिल, सोमवार

खुर्ची पुन्हा अंगणात आणली. अंगण उगाच मोठं झाल्यासारखं वाटतं. जमिनीवर तेलाचा एक डाग आहे. बायको घासून काढते म्हणाली. म्हटलं, राहू दे.

जेवायच्या टेबलाची एक बाजू भिंतीला लावायची वेळ आली तेव्हा दोघांनीही लावली नाही.

दुपारी दारची बेल उघडली. काही मोठं नव्हतं, आतला सांधा गंजला होता. घासला, लग बसवला, झाकण लावलं. बाहेर जाऊन बटण दाबलं. छान वाजली. आतून बायको लगबगीने आली, पदर सावरत, आणि तिने दार उघडलं. माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोण आलं?"

"कोणी नाही. मीच. तपासत होतो."

तिने पुढे होऊन स्वतः एकदा बटण दाबलं. मग म्हणाली, "आता वाजते ना, मग बास."

शेरा लिहितो. बेल, ठीक आहे. पुन्हा तपासणीची गरज नाही. उद्या सकाळी एकदा दाबून बघेन.